‘बघू नंतर’च्या पुढे: मराठवाड्यातल्या घरांत एचपीव्ही लशीचा विषय कसा न्यावा

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीला तोंडावर ‘नको’ म्हणणारं घर मराठवाड्यात क्वचित भेटतं. भेटतं ते ‘बघू नंतर’. आशाताई दारात येते, आई चहा टाकते, सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि शेवटी म्हणते, ‘बघू की ताई, यांना विचारते.’ मग वहीत त्या घरापुढे ‘नकार’ पडतो आणि तालुक्याच्या बैठकीत ‘जनजागृती कमी पडते’ असा निष्कर्ष निघतो.

मला तो निष्कर्ष पटत नाही. ‘बघू नंतर’च्या मागे दर घरात वेगळं कारण असतं. एका घराला आठ दिवसांत ऊसतोडीला निघायचं असतं. दुसऱ्या घरात निर्णय घेणारा बाप चाकणला कंपनीत असतो. तिसऱ्या घरात आईचीच गर्भपिशवी कुणीतरी कॅन्सरची भीती घालून काढलेली असते. या तिघींच्या हातात एकच माहितीपत्रक ठेवलं तर काही हलत नाही. आधी अडलंय कुठे ते ओळखायचं, मग तेवढंच सोडवायचं. आशाताई, आरोग्यसेविका, शाळेतल्या बाई, बचत गटाच्या सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) आणि नात्यागोत्यात ‘तू शिकलेली आहेस, तूच सांग’ असं जिला म्हणतात ती मावशी किंवा आत्या, यांच्यासाठी हे लिहिलंय.

पहिलं काम: आपली माहिती पक्की करा

समोरचीचा दुसरा प्रश्न आला की आपण अडखळतो, आणि अडखळलेलं माणूस विश्वासाला पात्र वाटत नाही. म्हणून एवढं पाठ असू द्या.

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू आहे. त्याचे दोनशेच्या आसपास प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ हे दोन मिळून गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसना कारणीभूत असतात. हे नातं उलगडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत आपणहून हटवतं. काही जणींमध्ये मात्र तो चिकटून राहतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर होतो आणि त्यात सुमारे ८० हजार जणी दगावतात.

लशीत विषाणूच्या बाहेरच्या कवचातल्या प्रथिनाची नक्कल असते. आतलं जनुकीय द्रव्य नसतं, त्यामुळे लशीतून संसर्ग होऊ शकत नाही. ९ ते १४ या वयात शरीर तिला सर्वात चांगला प्रतिसाद देतं. विषाणूशी गाठ पडण्याआधी संरक्षण तयार असणं, हे या वयाचं खरं कारण. ज्यांनी लवकर सुरुवात केली त्या देशांचे निकाल आता हातात आहेत. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरची एकही केस आढळली नाही, असं २०२४ साली प्रसिद्ध झालं.

आता डोसचा गोंधळ. खासगी बालरोगतज्ज्ञ ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आणि १५ पासून पुढे तीन डोस सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एका डोसाचा पर्यायही मान्य केला आहे. ‘डॉक्टर दोन म्हणतात, सरकार एकच म्हणतं, म्हणजे सरकार काटकसर करतंय का?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर आपल्या शेजारी, बार्शीत आहे.

२००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रं. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत याच लशीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. त्यावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. शास्त्रज्ञांनी त्यांचा मागोवा सोडला नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसाचं संरक्षण सुमारे ९५ टक्के, दोन-तीन डोसांच्या तोडीस तोड. तेव्हा घरी सांगताना ‘सरकारी सत्रात एक डोस मिळाला तर ते अर्धवट काम नाही’ असं ठामपणे सांगा. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलीला मात्र एक डोस पुरत नाही. तिला डॉक्टरांकडेच न्या.

दुसरं काम: यादी शाळेच्या पटावर थांबवू नका

पट घेतला की काम झालं असं वाटतं. पण ज्या मुलींना या लशीची सर्वात जास्त गरज आहे त्यातल्या बऱ्याच जणी पटावर नसतातच. सातवी-आठवीनंतर घरी बसलेली, धाकट्या भावाला सांभाळायला आई-बापासोबत ऊसतोडीच्या फडावर गेलेली, वीटभट्टीवरची, तांड्यावरची, आणि जिचं लग्न लागून गेलंय ती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड आणि परभणीत २० ते २४ वयाच्या दर दहापैकी चारहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. म्हणून पटाच्या शेजारी आशाचं घरोघरचं सर्वेक्षण आणि अंगणवाडीची किशोरींची नोंद ठेवा, आणि तिन्ही जुळवून एकच वही करा.

जन्मतारखेचा घोळ गृहीतच धरा. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, ही काही थट्टा नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख आणि आईच्या आठवणीतलं ‘भुईमूग काढायच्या वक्ताला झाली’ यात वर्ष-दीड वर्षाचा फरक पडतो. सरकारी सत्रात कोणत्या वयाच्या मुली बसतात ते आरोग्यसेविकेकडून आधी विचारून घ्या आणि आधार, निर्गम उतारा, जन्मदाखला यांपैकी काय चालतं तेही. सत्राच्या दिवशी कागदासाठी परत पाठवलेली मुलगी पुन्हा येत नाही.

तिसरं काम: तारीख उसाच्या हंगामाआधीची धरा

बीड, धाराशिव, जालना, परभणी, हिंगोली या पट्ट्यात हे सर्वात मोठं आणि सर्वात कमी बोललं जाणारं कारण आहे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक वस्तीवर लागतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’ म्हणतात, थांबू शकत नाही. सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्हा, कर्नाटक. परत येणं गुढीपाडव्याच्या मागे-पुढे. नोव्हेंबरात ठेवलेलं सत्र म्हणजे रिकाम्या घरांसाठी ठेवलेलं सत्र.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्यानंतर दोन आठवडे यादी आणि भेटींना द्या. लस जुलै ते सप्टेंबर या काळात उरकायचा प्रयत्न करा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, १७ सप्टेंबरच्या, आत. पोळा, गौरी-गणपती आणि महालक्ष्म्यांचे दिवस टाळा. राहिलेल्यांची दुसरी खेप एप्रिलमध्ये, पण सकाळी लवकर. परभणी-नांदेडकडे अकरानंतर उन्हात कुणी येत नाही आणि येऊही नये.

खासगीत दोन डोस सुरू केले असतील तर ऑगस्टचा पहिला आणि फेब्रुवारीचा दुसरा असं गणित येतं, आणि फेब्रुवारीत घराला कुलूप असतं. घाबरू नका. सहा महिन्यांचं अंतर हे कमीत कमी आहे. दुसरा डोस पाडव्यानंतर दिला तरी चालतो आणि पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. हे एक वाक्य आईला सांगून ठेवा, नाहीतर ‘आता चुकलंच’ म्हणून ती विषयच सोडून देते.

मुलगी हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर तिथल्या ताईंना वहीतली नोंद कळवा. आई-बापाची संमती मात्र ते फडावर जाण्याआधीच घ्या.

चौथं काम: घरात गेल्यावर पाच मिनिटं काहीच सांगू नका

विचारा. ‘ऐकलंय का या लशीबद्दल? काय ऐकलंय?’ आणि थांबा. येणारी उत्तरं साधारण ओळखीची असतात, पण त्यातलं या घराचं कोणतं ते तिच्याच तोंडून आलं पाहिजे.

*‘कॅन्सरची भीती आम्हाला आधी पण घातली होती.’* हे उत्तर सर्वात जड आहे आणि ते हलक्यात घेऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणातल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी जणींना ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. पाळीत सुटी घेतली की मजुरी बुडते, त्यामुळे त्याही तयार झाल्या. आता त्याच बाईच्या दारात आपण तोच शब्द घेऊन उभे राहतो. ‘तुमचा गैरसमज आहे’ म्हणालात तर संपलं. तिचा समज अनुभवातून आलेला आहे.

इथे कबूल करायचं: ‘तुमच्यासोबत जे झालं ते चुकीचं होतं. त्यात तुमचे पैसे गेले, अंग गेलं. या लशीत कापणं नाही, भरती होणं नाही, सरकारी सत्रात पैसा नाही.’ मग सांगायचं की लेकीवर उद्या तीच वेळ येऊ नये, पिशवीला हात लावायची पाळी येऊ नये, यासाठीच ही लस. आणि लगेच होकार मागू नका. या घरी दुसरी फेरी लागतेच. ती फेरी वाया गेलेली नसते.

*‘पोरीला पुढं मूल होणार नाही.’* पोलिओच्या थेंबांपासून २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेपर्यंत ही अफवा प्रत्येक लशीच्या मागे लागली आहे. उत्तर लांबवू नका. या लशीचा अंडाशयाशी किंवा गर्भपिशवीशी संबंध नाही. जगभरात कोट्यवधी डोस देऊन झाले आणि वंध्यत्वाशी नातं आढळलेलं नाही. उलट हा कॅन्सर झाला तर पिशवी काढावी लागते, शेक (रेडिएशन) द्यावा लागतो, आणि तेव्हा मूल खरंच होत नाही. गावातलीच एखादी आरोग्यसेविका किंवा शिक्षिका स्वतःच्या लेकीला लस देऊन मोकळी झाली असेल तर तिला सोबत न्या. आपल्या दहा वाक्यांपेक्षा तिचं एक चालतं.

*‘एवढ्या लहान पोरीला असलं इंजेक्शन कामून?’* यातला ‘असलं’ महत्त्वाचा. आईला विचारायचं असतं की हा आजार शरीरसंबंधातून येतो ना, मग माझ्या लेकीकडे बोट का? काही कार्यकर्त्या हा भाग गाळून फक्त ‘कॅन्सरची लस’ म्हणतात. सुरुवात तशी करायला हरकत नाही. पण थेट विचारलं तर खोटं बोलू नका, कारण मोबाईलवर ती पुढच्या मिनिटाला पाहू शकते. सरळ सांगा की हा विषाणू लग्नानंतर नवऱ्याकडूनही येतो, बाईने काही वावगं केलेलं असण्याची गरज नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतो तेव्हा पोरगी खिळ्यावर पाय देणार असं कुणी म्हणत नाही. लस घेतल्यामुळे मुलींच्या वागण्यात फरक पडत नाही, हेही बऱ्याच देशांत तपासून झालं आहे.

एक सावधगिरी. ‘चांगल्या घरातल्या मुलींनाही होतो’ हे वाक्य सोपं पडतं म्हणून सगळे वापरतात. मी वापरत नाही. त्यातून ज्या बाईला हा आजार झालाय ती कोणत्या घरातली, अशी कुजबुज सुरू होते. गावात अशी एखादी असतेच, आणि तिच्या लेकी आपल्याच यादीत असतात.

*‘यांना विचारते.’* हे टाळणं नसतं, खरंच विचारायचं असतं. मग आपणच सोय करा: ‘लावा फोन, मी बोलते.’ स्पीकरवर तीन मिनिटांत काम होतं. बाप गावातच असेल तर आशाताईला त्याच्याशी हा विषय काढणं अवघड जातं, तिला दोष देऊ नका. आरोग्य केंद्रातला पुरुष आरोग्यसेवक, शाळेतले सर किंवा सरपंच यांना सांगा. डेअरीवर दूध घालायच्या वेळी, पारावर, जुम्माच्या नमाजानंतर मशिदीबाहेर, जिथे पुरुष भेटतात तिथे. तांड्यावर नायकाशी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाशी, आधी बोलल्याशिवाय घरोघर फिरू नका, आणि गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी बाई सोबत असेल तर निम्मं काम तिथेच होतं. आजीला वगळू नका. घरात तिने ‘द्या गं बाई, आमच्या वक्ताला नव्हतं काही’ म्हटलं की सुनेला धीर येतो.

*‘त्यात काय घालतात?’* मुस्लिम घरांत हे विचारलं जातं, शाकाहारी घरांतही. या लशी यीस्टच्या पेशी वापरून तयार करतात आणि त्यांत जिलेटिन नसतं. रमजानमध्ये सत्र आलं तर मुलीचा रोजा असताना आग्रह धरू नका, ईदनंतरची तारीख द्या. उपाशीपोटी चक्कर येण्याची शक्यता जास्त असते. नवरात्राच्या उपवासांनाही हेच लागू.

*‘बाहेर हजारो रुपयांना मिळते, मग इथं फुकट कशी?’* सरकार एकदम मोठी खरेदी करतं म्हणून. बीसीजी आणि पोलिओही फुकटच घेतले होते ना, एवढं विचारा.

पाचवं काम: संमती आई-बापाचीच घ्या

खम्मम आणि वडोदऱ्याची गोष्ट अर्धी राहिली होती. त्या प्रकल्पात लस दिलेल्या सात मुलींचा नंतर मृत्यू झाला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. बुडणं, सर्पदंश अशी कारणं निघाली. पण दुसरी गोष्ट निघाली ती वाईटच होती: वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आई-बापांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष असूनही देशातलं काम कित्येक वर्षं मागे पडलं, त्यात या सह्यांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी विद्यालयं, वसतिगृहं इथे हे लक्षात ठेवा. मुख्याध्यापकांची सही सोयीची असते, पण ती आईची सही नसते. पालक लांब असतील तर सुटीत मुलगी घरी जाताना कागद द्या किंवा पालकसभेच्या दिवशी घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईचा अंगठा घेण्याआधी कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा. आणि मुलीलाही विचारा. चौदा वर्षांच्या पोरीला कशाचं इंजेक्शन आहे ते कळतं. न सांगता हात पुढे करायला लावलं तर तीच घरी जाऊन रडते, आणि मग गल्लीत गोष्ट वेगळीच पसरते.

सहावं काम: सत्राचा दिवस

पोरी घरून खाऊन आलेल्या असाव्यात, शाळेत असेल तर पोषण आहारानंतर सत्र ठेवा. रांग लावू नका. सुई दिसेल अशी तर मुळीच नको. या वयात सुईच्या भीतीने भोवळ येणं नेहमीचं आहे. एक पडली की तिला पाहून दुसरी, मग तिसरी, आणि तोवर कुणीतरी व्हिडिओ काढलेला असतो. संध्याकाळपर्यंत तो तीन तालुक्यांत फिरतो. एकावेळी दोघी-तिघी आत, बसून लस, दुसऱ्या दाराने बाहेर, मग पंखा असलेल्या खोलीत अर्धा तास बसणं. तिथे सतरंजी अंथरलेली असू द्या. चक्कर आली तर आडवं करून पाय उंच करायचे, काही मिनिटांत मुलगी सावरते. गोंधळ करणाऱ्यांना बाहेर काढा.

अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही लक्षणं मात्र वेगळी. ती ॲलर्जीची असतात, लाखो डोसांत एखाद्या वेळी दिसतात, आणि तेव्हा ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लगेच लागतं. किट जागेवर आहे का आणि १०८ ला फोन लागतो का, हे सुरू करण्याआधी बघा. तांड्यावर रेंज नसते, त्याचीही आधीच सोय करा.

लस कुणाला टाळायची? ताप जोरात असेल तर बरी झाल्यावर. यीस्टची किंवा आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी झालेलीला नाही. गरोदर असेल तर बाळंतपणानंतर. लग्न झालेल्या मुलीला पाळीची तारीख बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नाही. नकळत गरोदरपणात दिली गेली असेल तर गर्भ पाडायची वगैरे काही गरज नसते. पाळी चालू असताना लस चालते. ‘अडचण आलीय’ म्हणून घरी ठेवलेल्या मुली बऱ्याच असतात, हे आदल्या दिवशीच सांगा. रक्त कमी आहे म्हणूनही थांबायचं कारण नाही.

दंड दुखणं, थोडी सूज, अंग गरम, डोकं दुखणं हे एक-दोन दिवस होऊ शकतं. आईला आधी सांगितलं असेल तर ती पॅरासिटामॉल देऊन मोकळी होते. सांगितलं नसेल तर तीच लक्षणं अफवा होतात. निघताना एक फोन नंबर द्या जो खरंच उचलला जातो. आरोग्यविषयक सल्ल्याला १०४ आहेच, पण ओळखीच्या ताईचा आवाज वेगळाच. त्याच रात्री काही घरांना आपणहून फोन करा. कार्डाचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये ठेवा. कार्ड पत्र्याच्या पेटीतून हरवतं, फोटो सापडतो.

आणि गावात खरंच एखादी मुलगी आजारी पडली, लशीमुळे असो वा नसो, तर आधी तिच्या घरी जा, मग ग्रुपवर बोला. या क्रमाने.

खासगीत घ्यायची असेल तर

ज्यांचं वय सरकारी सत्रात बसत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. तिची छापील किंमत डोसाला २ हजार रुपयांच्या घरात होती. विषाणूच्या नऊ प्रकारांवरची गार्डासिल ९ ही लस तेव्हा दहा हजारांच्या पुढे जात होती. ऐपत नसताना महागडीसाठी कर्ज काढू नका. १६ आणि १८ हे मुख्य प्रकार दोन्हींत आहेत. मुलांनाही ही लस देता येते. पैसे मोजकेच असतील तर आधी लेकीची.

लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. मेडिकलमधून घेऊन पिशवीत टाकून एसटीने तासभर नेली तर मे महिन्यात तिचं काय होईल सांगायला नको. जिथे साठवलेली आहे तिथेच टोचून घ्या.

आईची तपासणी त्याच फेरीत

लस लेकीसाठी, पण धोक्याच्या वयात आज आई आहे. तिशी ओलांडलेल्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते. व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, कापणं नसतं. ती पाच वर्षांतून एकदा करायची. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तिशीनंतर तपासणी लागणारच, कारण लस सगळे प्रकार अडवत नाही.

या तपासणीबद्दल जगाला जे कळलं त्यातला मोठा भाग धाराशिवने शिकवला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका एका अभ्यासात होत्या. आयुष्यात एकदा एचपीव्हीची चाचणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये दिसलं. एका गटाला तपासणी दिली गेली नाही यावर पुढे टीका झाली, ती रास्तच होती. पण कळंब-भूमच्या बायांनी दिलेल्या त्या नमुन्यांवरून आज जगभरात धोरणं ठरतात, हे आपल्या बैठकीत सांगायला विसरू नका. बाया सरसावून बसतात.

मुलीच्या सत्राच्या दिवशीच शेजारच्या खोलीत आईच्या तपासणीची सोय करता आली तर उत्तम. पडदा हवा, कडी लागणारं दार हवं आणि तपासणारी बाई हवी. काही संशयास्पद दिसलं तर ग्रामीण रुग्णालय, तिथून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. चिठ्ठीवर तारीख, ओपीडीचा वार आणि सोबत कोण जाणार त्याचं नाव लिहून द्या. ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ एवढंच सांगितलेली बाई जात नाही. आणि पिशवी काढायला कुणी सांगितलं तर सही करण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं, हेही त्याच चिठ्ठीच्या खाली लिहा.